पोपटांचा पहारा

एका जंगलात, नदीकाठच्या करवंदीच्या जाळीखाली, एक मुंगसोबा, त्याची मुंगसीण आणि त्यांची इवली इवली पिल्लं राहत असत. त्यांच्या शेजाराला, वाळूतल्या दगडगोट्यांत, टिटवी राहत असे. टिटवी झाडावर घरटं बांधत नाही, ठाऊक आहे ना पोरांनो? उघड्या जमिनीवर चार खडे इकडेतिकडे सारायचे आणि तिथेच अंडी घालायची, असा तिचा भाबडा संसार. आणि समोरच्या बाभळीवर राहत असे कोतवाल पक्षी. काळा कुळकुळीत, शेपटीला कात्रीसारखी फाट. अंगाने मूठभर, पण घारीच्याही मानगुटीवर बसायला कमी करायचा नाही! टिटवीने हाक मारली की चोचीतला किडा तसाच टाकून हा सुटलाच बाणासारखा. म्हणून तर सिंहमहाराजांनी साऱ्या जंगलाचा पहारा त्याच्यावर सोपवला होता.

एका उन्हाळ्यात काय झालं, टिटवीची अंडी जाऊ लागली. आज आहेत, उद्या नाहीत! कोतवाल इकडे धावला की चोर तिकडे, तिकडे धावला की इकडे. धावून धावून बिचाऱ्याचे पंख भरून आले. अशात एके दिवशी टिटवीच्या रिकाम्या खड्ड्याजवळ त्याला काट्यात अडकलेला केसांचा एक झुपका सापडला. तो होता मुंगसोबाच्या शेपटीचा. झालं होतं असं, की टिटवीच्या दाराशी नाग आला होता, मुंगसोबा त्याच्याशी झुंजला होता आणि त्या झटापटीत त्याची शेपटी काट्यात ओढली गेली होती. पण हे कोतवालाला कुणी सांगावं? त्यानेही कुणाला विचारलं नाही. त्याने झुपका उचलला आणि मनाशी म्हणाला, "सापडला! चोराला झुपकेदार शेपटी आहे!"

मग त्याने एक नामी युक्ती काढली. जंगलातले तरणे पोपट बोलावले, त्यांच्यासमोर तो झुपका धरला आणि शिकवलं, "म्हणा, चोर!" जो म्हणेल त्याला पेरूची फोड. पोपटच ते! झुपका दिसला की "चोर!", आणि चोर म्हटलं की पेरू. पटापट शिकले. कोतवालाने झाडाझाडावर एकेक पोपट बसवला. फक्त महाराजांचा वड तेवढा सोडला, कारण राजाच्या दारात पहारा कसा बसवायचा?

सिंहमहाराज तर खूश होऊन गेले. त्यांनी डरकाळी फोडून हुकूम सोडला, "ज्याच्यावर पोपट ओरडतील, त्याने नदीपार चालतं व्हायचं!"

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता मुंगसोबा पिल्लांसाठी टोळ शोधायला बाहेर पडला, आणि काय सांगू, सारा नदीकाठ दणाणला! "चोर! चोर! चोर!" या झाडावरून, त्या झाडावरून, मागून, पुढून! मुंगसोबा जागच्या जागी थिजला.

"अहो कोतवालसाहेब, मी कुठलं अंडं घेतलं? मला विचारा तरी!"

"विचारायचं काय त्यात?" कोतवाल बाभळीवरूनच म्हणाला. "पोपटांनी पाहिलंय. पोपटाला ना सोयरा, ना वैरी. तो खोटं कशाला बोलेल?"

झालं! एका ओंडक्याला धरून, मगरींच्या डोळ्यांदेखत, मुंगसोबा नदीपार गेला. मुंगसीण शेपटी पोटाशी दाबून काठावर उभी राहून पाहत राहिली. पिल्लं विचारायची, "आई, बाबा कधी येणार?" ती म्हणायची, "आधी टोळ खा."

बरं, चोर गेला म्हणता अंडी जायची थांबावीत की नाही? ती जातच राहिली! पोपट आणखी जोरात ओरडायला लागले. खारीवर ओरडले, रानमांजरावर ओरडले, पण कोतवाल वळून बघेपर्यंत ती पानांत दडून निसटायची. कोतवाल म्हणाला, "बाप रे, ही तर मोठी टोळी दिसते!" खार बिचारी आपली शेपटी पोटाखाली घेऊन झाडावर चढायला लागली. सारखी घसरायची!

आणि मग एक दिवस मुंगसिणीने पिल्लांना अंगाखाली घेताना पाहिलं, तर धाकट्याच्या शेपटीला तुरा फुटायला लागला होता. वरच्या फांदीवरचा पोपट मान वाकडी करून त्याच्याकडेच बघत होता. "चो..." म्हणाला आणि थांबला. आज नाही तर उद्या, पुढचं अक्षर येणारच होतं! नदी केवढी, पिल्लं केवढी! तिने पिल्लांना जाळीत लपवलं, शेपटी पोटाशी दाबली आणि तडक गाठला महाराजांचा वड.

तिथे सभा भरलेलीच होती. पोपट ठेवायचे की काढायचे, यावरून नुसता कल्ला चालला होता.

ससा म्हणाला, "पोपट आल्यापासून मी कसा डाराडूर झोपतो! कर नाही त्याला डर कशाला?"

"तुला काय जातंय बोलायला?" खार तडकली. "तुझी शेपटी म्हणजे कापसाचं बोंड! माझी बघ!"

"मग शेपटी कापून घे," ससा म्हणाला, आणि दोघंतिघं फिदीफिदी हसली.

म्हातारं कासव म्हणालं, "अरे, मला एवढंच सांगा. पोपट चुकला तर त्याला चूक दाखवायची कुणी?"

"पोपट चुकत नाही!" कोतवाल म्हणाला.

तेवढ्यात मुंगसीण पुढे झाली. आवाज खणखणीत! "महाराज, पोपट चुकत नाहीत ना? मग या वडावरही बसवा. चोर इथूनही जात असेल."

कोतवाल म्हणाला, "अगं बाई, महाराजांच्या दारात?"

पण सिंहाला चढला ताव. आयाळ झाडत तो म्हणाला, "बसवा! आमच्या दारात लपवायला काही नाही. कर नाही त्याला डर कशाला?"

फडफडत पोपटांचा थवा आला आणि वडाच्या फांद्यांवर ओळीने बसला. सगळे श्वास रोखून बघायला लागले. सिंह शेपटी अंगाखाली दाबून बसलेला, ऐटीत. पोपट गप्प. कोतवाल हसला. ससा हसला. मुंगसिणीचे डोळे भरून आले.

आणि इतक्यात कुठूनशी आली एक गोमाशी! बसली महाराजांच्या पाठीवर आणि दिला डंख! महाराज अर्धे उठले आणि सवयीने शेपटी उडवली सपकन. आता सिंहाच्या शेपटीच्या टोकाला काय असतं, पोरांनो? झुपका!

"चोर! चोर! चोर! चोर!"

सारा वड हलला! पोपट काही केल्या थांबेनात. पेरूच्या आशेने नुसता धोशा! सिंह शेपटी लपवायला गोल गोल फिरतोय, तसतसा झुपका आणखीच दिसतोय आणि तसतसे पोपट आणखीच ओरडतायत. कोतवालाने तर पंखांत तोंड खुपसलं. हसावं तरी पंचाईत, न हसावं तरी पंचाईत!

कासवाने हळूच विचारलं, "महाराज, पोहता येतं ना? नदीपार जायचंय आता."

"अरे गप्प बसा!" सिंह गरजला. "मी जन्मात कधी अंडं खाल्लं नाही! मला कुणी विचाराल की नाही?"

मुंगसीण हात जोडून म्हणाली, "महाराज, आमचे हेसुद्धा अगदी हेच म्हणत होते. त्यांना कुणी विचारलं नाही."

सिंह मटकन खाली बसला.

आणि नेमकी तेव्हाच नदीकडून हाक आली, "टिटिटिव! टिटिटिव!" टिटवीच्या दारात चोर शिरला होता! पण सवय कशी असते बघा, सगळ्यांनी आधी पोपटांकडे पाहिलं. पोपट गप्प. म्हणून सगळे उभेच! हलली ती एकटी मुंगसीण. शेपटी आता कोण लपवतं! झुपका वाऱ्यावर उडवत ती अशी सुटली, अशी सुटली, की मागून कोतवालालाही राहवेना. कित्येक दिवसांनी त्याने पंख मिटून तीरासारखी झेप घेतली.

पाहतात तर काय! टिटवीच्या खड्ड्यात तोंड घालून बसली होती घोरपड. गुळगुळीत अंग, गुळगुळीत शेपटी, केसाचा पत्ता नाही! आणि बरोबर तिच्या डोक्यावरच्या फांदीवर एक पोपट बसून निवांत पेरू खात होता.

मुंगसिणीने घोरपडीची शेपटी धरली. कोतवालाने टाळक्यावर टोच मारली, पुन्हा मारली, आणखी मारली! टिटवी पंखांनी बडवायला लागली. घोरपड विव्हळली, "सोडा गं बायांनो, सोडा! रोज जायचे मी या पोपटांखालून. त्यांनी कधी 'कोण' म्हणून विचारलं नाही, मला वाटलं चालतंय!"

"आता नदीपार जाऊनच वाट पाहा कुणी विचारायची," कोतवाल म्हणाला, आणि टोच मारत मारत त्याने तिला पाण्यात लोटलं. मगरी वाटच पाहत होत्या, पण घोरपड तळाशी बुडी मारून पळाली, ती पुन्हा या काठावर दिसली नाही. दोन अंडी अजून शाबूत होती. टिटवी त्यांच्यावर पंख पसरून बसली.

सभेत येऊन कोतवालाने मान खाली घातली. "महाराज, मी झुपका पाहिला, झुपक्याचा धनी पाहिला नाही. पूर्वी हाक आली की मी धावायचो. आता पोपट ओरडले की मी बसून राहायचो."

महाराज म्हणाले, "पोपट राहू देत. त्यांची नजर मोठी आहे. पण पोपट ओरडला म्हणजे कुणी चोर ठरला, असं नाही. तू उडत जायचं, समोर बसायचं, विचारायचं, मग काय ते ठरवायचं. आणि हो," म्हणत त्यांनी शेपटी पुढे घेतली, "एक पोपट या वडावरही राहू दे. आम्हालाही जरा धाक बरा."

ससा आपल्या कापसाच्या बोंडाकडे बघत खारीपाशी गेला आणि म्हणाला, "खारूताई, चल, तुला झाडावर चढताना मी खाली उभा राहतो. पडलीस तर माझ्या अंगावर पड."

हत्ती नदीत उतरला, आणि तिन्हीसांजेच्या आत मुंगसोबाला पाठीवर घेऊन परत आला. मुंगसोबा नुसता हाडांचा सापळा झाला होता, पण डोळे कसे लुकलुकत होते! त्याने नागाशी झालेल्या झुंजीची हकिगत सांगितली, तशी टिटवी पुढे आली. "दादा, नागापासून माझं घर राखलंत आणि मी तुमच्यावरच संशय घेतला. आता तुमचं बीळ माझ्या दाराशीच असू द्या. साप आला तर तुम्ही धावा, आकाशातून घार आली तर मी ओरडेन." महाराजांनी तिथली जागा कायमची मुंगसांच्या कुळाला देऊन टाकली. चारच दिवसांत टिटवीच्या अंड्यांतून लांब पायांची दोन पिल्लं बाहेर आली आणि मुंगसाच्या पिल्लांच्या मागे तुरुतुरु पळायला लागली.

पण मी सांगत होते ती त्या तिन्हीसांजेची गोष्ट. मुंगसोबा हत्तीवरून उतरला आणि घराकडे निघाला, तसा बाभळीवरचा पोपट ओरडला, "चोर! चोर!"

कोतवाल फांदीवरून उडाला. खाली आला, मुंगसोबाच्या समोर बसला आणि पहिल्यांदाच त्याने विचारलं, "कोण तुम्ही? कुठे निघालात?"

मुंगसोबाने तोंड उघडायच्या आतच करवंदीच्या जाळीतून पिल्लं धावत सुटली, शेपट्यांचे तुरे उभारून, आणि साऱ्या नदीकाठाला ऐकू जाईल अशी ओरडली, "आमचे बाबा! घरी निघालेत!"

तात्पर्य : डोळे हजार लावावेत, पण समोर जाऊन विचारल्याशिवाय कुणाला चोर ठरवू नये, आणि जो पहारा राजाच्या दारात चालत नाही, तो गरिबाच्या दारातही बसवू नये.