कडक शॉकअप

गाड्यांना आपले सुटे भाग आपणच निवडायची मुभा होती, त्या काळातली ही गोष्ट. घाटाच्या पायथ्याशी दस्तगीर मिस्त्रींचं गॅरेज होतं. तिथं एक लाल स्पोर्ट्स कार आली आणि म्हणाली, "मिस्त्री, माझे हे शॉकअप काढून टाका. साधा खड्डा आला तरी कमरेत वाकतात. चारचौघांत लाज वाटते. मला काहीतरी कडक द्या."

"कडक म्हणजे झकास, की कडक म्हणजे खरंच कडक?" मिस्त्रींनी विचारलं.

"दोन्ही एकच!" गाडी तोऱ्यात म्हणाली.

फळीवरचे पिवळे शॉकअप लगेच बोलले, "आम्हाला घे. आम्ही कुणापुढे वाकत नाही."

जुने शॉकअप निघता निघता म्हणाले, "बाई, आम्ही खड्ड्यापुढे वाकत नव्हतो. चाक रस्त्याला टेकलेलं राहावं म्हणून वाकत होतो." गाडीने त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

सरळ रस्त्यावर ती बाणासारखी गेली. घाटातल्या वळणावर मात्र रस्ता उखडलेला होता. पहिल्याच दणक्याला चाकं उडाली.

"अरे, वाका!" गाडी किंचाळली.

"ते आम्हाला येत नाही," पिवळे म्हणाले.

चाकं खाली आली, तेव्हा खाली रस्ता नव्हता.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री दरीत उतरले. गाडीचा चेंदामेंदा झाला होता. पिवळ्या शॉकअपवर साधा ओरखडाही नव्हता. मिस्त्रींनी ते काढले, पुसले आणि परत फळीवर ठेवले.

संध्याकाळी एक पांढरी गाडी दारात येऊन थांबली. "मिस्त्री, काही कडक आहे का?"

मिस्त्री काही बोलायच्या आत फळीवरून आवाज आला, "आम्हाला घे. आम्ही अजून कुणापुढे वाकलेलो नाही."