दोन जावई आणि एक उजवी बाजू

खर्रर्र! रागाने खुर्ची मागे ढकलल्याचा तो आवाज मी चाळीस वर्षांपूर्वी ऐकला, परदेशातल्या आपल्या दूतावासात. मी तिथे आचारी होतो. कटाच्या आमटीचं भांडं घेऊन दारात उभा होतो, आणि आतमध्ये राजाचा जावई मेलान भरल्या ताटावरून ताडकन उठला.

"मला डावीकडे बसवता?" तो ओरडला, आणि तरातरा निघून गेला.

ते एक इवलंसं बेट. तिथे अजून राजाचं राज्य होतं. यजमानाच्या उजवीकडे बसेल तो मोठा, अशी तिथली रीत. आपल्याकडे थोरल्या जावयाचा मान आधी, म्हणून आमच्या सचिवांनी, बर्वे साहेबांनी, पिकलेले केस बघून तारूक नावाच्या जावयाला थोरला ठरवलं आणि राजदूतांच्या उजवीकडे बसवलं. पण राजाच्या दोघी मुली जुळ्या! लग्नंही एकाच मांडवात! आता थोरला कोण नि धाकटा कोण?

दुसऱ्या दिवशी राजाने आमच्या राजदूतांना, देशमाने साहेबांना, बोलावून घेतलं. आपले नऊ खलाशी तेव्हा राजाच्या कैदेत होते. वादळात त्यांची होडी भरकटून त्याच्या हद्दीत गेली होती. त्यांची सुटका अगदी तोंडावर आली होती.

राजा म्हणाला, "आठ दिवसांनी दोन्ही जावई पुन्हा तुमच्याकडे जेवतील. मीही येईन. दोघेही यजमानाच्या उजवीकडे हवेत. आधी एक, मग दुसरा, हे चालणार नाही. एक जरी रुसून उठला, तर तुमचे खलाशी वर्षभर इथेच!"

मग काय! बर्वे साहेब टेप घेऊन टेबलं मोजत सुटले. लांब टेबल झालं, गोल झालं. शेवटी कपाळाला हात लावून म्हणाले, "साहेब, माणसाला उजवी बाजू एकच असते हो!"

दूतावासात तेव्हा रेवती खिलारे नावाची एक मुलगी होती. जतकडची, मेंढपाळाच्या घरातली. कॉलेजातून तीन महिन्यांच्या उमेदवारीला आली होती. काम काय, तर पाकिटं चिकटवायची. पण पोरगी तिथली भाषा फडाफडा बोलायची. दर रविवारी तुरुंगात जाऊन खलाशांना घरची पत्रं वाचून दाखवायची. त्यांचा म्हातारा तांडेल, होडीचा प्रमुख, दर वेळी एकच विचारायचा, "पोरी, कधी गं?"

ती स्वयंपाकघरात माझ्याकडे आली. "तात्या, आपल्या पंगतीत यजमान कुठं बसतो?"

"बसतो कुठला? वाढत फिरतो. सगळे उठले की जेवतो बिचारा."

"मग झालं की!" म्हणाली, आणि पळाली.

तिचा बेत ऐकून बर्वे साहेब भडकले. "राजाच्या जावयांना जमिनीवर बसवणार? आणि फसलं तर?"

"फसलं तर खलाशांना मी सांगेन, साहेब. नाहीतरी रविवारी मीच जाते."

राजदूत म्हणाले, "कर बाई. आमच्याकडे तरी दुसरं काय आहे?"

जेवणाचा दिवस आला. राजा दारातच थबकला. खोलीच्या मधोमध दोन पाट, पाठीला पाठ लावून मांडलेले. दोन्हीपुढे वाढलेली पानं.

"हे काय? जावयांना पाठ करून बसवता?"

रेवती म्हणाली, "पाठ एकमेकांना आहे, महाराज. ती तर त्यांनी लग्नापासूनच केली आहे!"

राजाच्या मिशा जरा हलल्या. "आणि यजमान कुठे बसणार?"

"आमच्याकडे यजमान बसत नाही, वाढतो. देवळात देवाला उजवीकडे ठेवून आम्ही प्रदक्षिणा घालतो, तसे साहेब पाहुण्यांभोवती फिरतील. बघा, दोघेही सदा उजवीकडे!"

दोन्ही जावई पाटांवर बसले. देशमाने साहेबांनी धोतर आवरलं, पुरणपोळ्यांचं ताट घेतलं आणि फिरू लागले. राजाला खरं वाटेना. तो मागोमाग एक अख्खी फेरी फिरला, स्वतःचा उजवा हात चाचपत.

"पण वाढायला सुरुवात कोणापासून?"

"पानं आधीच वाढून ठेवली, महाराज!"

"आणि नंतरची पोळी?"

"ज्याची आधी संपेल त्याला. तो मान ज्याचा त्याच्या हातात!"

हे ऐकलं मात्र, दोघांनी बाह्या सरसावल्या! तारूकची पोळी संपली की मेलानची संपलीच. साहेब घामाघूम. मी तव्यावर, बर्वे साहेब लाटायला. चौदाव्या पोळीला दोघांचेही हात थांबले. एकमेकांच्या पाठीला टेकून दोघे डोळे मिटून बसले.

राजा वाकला. "तारूक, रुसून उठणार का?"

"रुसलो असतो, महाराज... पण उठवत नाही."

"मेलान, तू?"

"तो हलला तर मी उताणा पडेन! त्याला हलू देऊ नका!"

राजा असा हसला, असा हसला, की मुकुट काढून त्याने, पोळ्या घेऊन आलेल्या माझ्या हातातल्या परातीत ठेवला. "सोडा ते खलाशी! आणि मुली, उद्यापासून माझ्या दरबारात तू माझ्या उजवीकडे बस."

"नको, महाराज! जावई पुन्हा रुसतील. मग तुमच्या दरबारात रोज पोळ्या कोण लाटणार?"

राजा पुन्हा हसला. उजव्या हातातली अंगठी काढून त्याने तिच्या तळहातावर ठेवली.

सकाळी नऊ जण बंदराकडे निघाले. तुरुंगाच्या फाटकापाशी रेवती उभी होती. पोरं तिच्याशी हसली, बोलली. म्हातारा तांडेल सगळ्यांच्या मागे होता. तो थांबला. तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि बंदराच्या वाटेने निघून गेला.