तांबड्या मातीचा थर

फार वर्षांपूर्वी काळ्या खडकाच्या एका पठारावर हौसा आणि केवळा नावाच्या दोन जावा राहत होत्या. वाटण्या झाल्या होत्या, पण मळे लागून होते. दोघींच्या मळ्यांत एकेक विहीर होती.

हौसाच्या विहिरीत उन्हाळ्यात गुडघाभर पाणी उरे. तेवढ्यावर तिची शेवंती जगे, गुरंही पीत. धाकट्या केवळाचा मळा जरा खाली उतारावर होता, म्हणून तिच्या विहिरीत चैत्रातही पुरुषभर पाणी असे. आपलं भागतंय, हे हौसाला दिसत नसे. केवळाची घागर भरल्याचा आवाज आला की तिच्या घशाखाली घास उतरत नसे.

एका उन्हाळ्यात तिने नवऱ्याला सांगितलं, "विहीर अजून खोल करा. तिच्यापेक्षा खोल गेली की सगळं पाणी आपल्याकडे येईल."

खणणारी माणसं आली. तळाचा खडक फुटला आणि खाली चिकट तांबडी माती लागली. ती वर आलेली पाहून केवळा धावत आली.

"आक्का, इथंच थांबवा! आमच्याही विहिरीच्या तळाला हीच माती आहे. पावसाचं पाणी खडकाच्या भेगांतून झिरपत येतं आणि या मातीवर अडतं. ही फोडलीत तर पाणी खाली निघून जाईल."

हौसा हसली. "माझ्या विहिरीला तुझ्याहून जास्त पाणी लागेल, म्हणून तुझ्या पोटात दुखतंय होय गं?"

"तसं नाही हो आक्का…"

"मारा रे पहार!" हौसा ओरडली.

चार घाव बसले आणि पहार एकदम आत गेली. खाली भेगाळलेला, पोकळ खडक होता. गुळगुळ आवाज करत पाणी त्या भोकात शिरू लागलं. माणसं घाबरून वर आली. संध्याकाळपर्यंत विहिरीत नुसता चिखल उरला.

केवळाची विहीरही त्याच थरावर होती. वरून तिच्याकडे झिरपत येणारं पाणी आता वाटेतच त्या भोकात जाऊ लागलं आणि थोड्याच दिवसांत तिची घागर रिकाम्या तळावर खणकन आपटली. तो आवाज ऐकून हौसाला, खरं सांगायचं तर, बरं वाटलं. आता दोघी सारख्या झाल्या!

मग तिला केवळाची गाय दिसली. गाय कोरडी दगडी डोणी चाटत होती. शेजारीच हौसाची म्हैस जीभ काढून उभी होती. इकडे शेवंतीने माना टाकल्या होत्या. हौसा मटकन बांधावर बसली.

तेवढ्यात केवळा मातीची पाटी डोक्यावर घेऊन आली. तिचे डोळे रडून सुजले होते.

"आक्का, मला तुमचा फार राग आलाय," ती म्हणाली. "पण ते भोक बुजवायला हवं आणि मला एकटीला ते जमणार नाही."

हौसाने पदर खोचला. ती उठली आणि विहिरीत उतरली. दोघींनी तांबडी माती भिजवली, भोकात ठासली, वरून पायांनी तुडवून घट्ट केली. पण गेलेलं पाणी परत आलं नाही. तो सगळा उन्हाळा दोघींनी दूरच्या ओढ्यावरून घागरी आणल्या. गुरं वाचली. दोन्ही मळे मात्र जळाले.

पावसाळ्यात पाणी पुन्हा झिरपलं आणि मातीवर साठलं, पण बुजवलेल्या भोकातून थोडं गळतच राहिलं. पुढच्या चैत्रात हौसाच्या विहिरीत गुडघ्याच्याही खाली पाणी होतं, केवळाच्या विहिरीत कमरेपर्यंत.

केवळाने बांधावरून हाक मारली, "आक्का, इकडं भरा की घागर!"

"माझ्यामुळं तुझंही कमी झालं गं केवळे," हौसा म्हणाली. तिने मान खाली घालून घागर उचलली आणि बांध ओलांडला.

तात्पर्य: मनात मत्सर असला की भल्याचा सल्लाही कपट वाटतो; आणि दुसऱ्याचं ओढून घ्यायला गेलेला माणूस आपल्याजवळचंही घालवून बसतो.