गोजराआक्का आणि धोंडमाऱ्या

फार वर्षांपूर्वी, बोरघळ गावाला पूल नव्हता आणि काळवंती नदी पायीच ओलांडावी लागे, तेव्हाची ही गोष्ट. गावात गोजराआक्का नावाची हाडं बसवणारी बाई होती. निखळलेला खांदा ती माणसाला बोलण्यात गुंतवून केव्हा जागेवर आणायची, त्यालाही कळायचं नाही, असं म्हणतात.

एका उन्हाळ्यात नदी ओलांडायच्या उतारापाशी कुणी परका येऊन राहिला. जबडा वाकडा, पाय लंगडा, अंगभर व्रण. बोलायला गेला की नुसती गुरगुर. आणि उतारावर कुणी पाऊल टाकलं की हा दगड भिरकावायचा. गावानं त्याला धोंडमाऱ्या नाव ठेवलं. कुणी म्हणे वेडा, कुणी म्हणे दरोडेखोर. पलीकडच्या शेतांची वाटच बंद झाली. महिन्याभरानं गाव चावडीवर जमलं आणि त्याची झोपडी पेटवायचं ठरलं.

आक्का म्हणाली, "पाटील, महिनाभर तो दगड मारतोय ना? मग माझ्याकडे एकही फुटलेलं डोकं कसं आलं नाही?"

"नेम चुकत असेल त्याचा."

"रोज? सगळ्यांवरचा?" आक्का उठलीच. "मी बघून येते. तोवर कुणी पलिता उचलायचा नाही."

भर दुपारी ती एकटी उतारावर गेली. दगड आला, आणि तिच्या पावलांपुढे हातभर अंतरावर पडला. ती थांबली, तर दुसरा आला नाही. मग पाणी सोडून ती सरळ त्याच्याकडेच वळली.

"काय सांगायचंय, बाबा, तुला?"

त्यानं तिचं मनगट धरलं आणि डोहाकडे बोट दाखवलं. तिला वाटलं, ओंडका तरंगतोय. तेवढ्यात ओंडक्यानं डोळे उघडले.

आक्कानं गाव बोलावून मगर दाखवली, तेव्हा पाटलांनी मान खाली घातली. आक्कानं मात्र त्या परक्याचा जबडा हातात घेतला. हाड मोडलेलं नव्हतं, सांध्यातून निखळलेलं होतं. सात दिवस तेल आणि शेक, आणि सातव्या दिवशी एकच हिसका. जबडा जागेवर बसला, आणि महिनाभर घशात अडकलेलं बाहेर पडलं, "पाण्यात उतरू नका!"

त्याचं नाव लिंबाजी. वरच्या खोऱ्यातला नावाडी. मगरीनं त्याची नाव उलटवली होती, धाकटा भाऊ नेला होता. ती खाली सरकली तसा तोही काठाकाठानं इथवर आला होता.

आक्कानं त्याला आपल्या ओसरीवर आणलं. आमटीत मीठ किती, यावरून दोघं रोज भांडायची आणि रोज एकत्रच जेवायची. पलीकडे कुणाचं हाड मोडलं की लिंबाजी आक्काला खांद्यावर घेऊन पुरात शिरायचा. मगर बाजूनं वासरासारखी चालायची, पण त्यांना शिवायची नाही, असं म्हणतात.

"आक्का, भ्यालीस का?"

"माझं राहू दे. तू पाय नीट टाक."

अशी तीस वर्षं गेली. दोघं गेली तीही एकाच पंधरवड्यात.

बोरघळात अजून सुगी संपली की सारा गाव नदीकाठी जेवायला बसतो. वाटेनं जो जाईल त्याला हात धरून पंगतीत बसवतात. पुरुष असला तर लिंबाजी म्हणतात, बाई असली तर गोजरा. पोटभर वाढतात, आग्रह करतात. कोण, कुठला, कशाला आलास, हे विचारायचं ते त्यानं हात धुतल्यावर.