माशाने गिळलेली वाट

फार फार जुनी गोष्ट. इतकी जुनी, की सांगता सांगता सांगणाऱ्यालाच दम लागावा.

एका बाजूला उंच डोंगर, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि मध्ये चिंचोळी जमीन. तिथे फिनिशियन नावाचे दर्यावर्दी लोक राहत. बायबलमध्ये त्यांच्या सोर आणि सीदोन या नगरांची नावे येतात. डोंगरापलीकडच्या राजाने देवाचे मंदिर बांधायला काढले, तेव्हा गंधसरूचे लाकूड याच लोकांनी पुरवले आणि बदल्यात गहू नि तेल घेतले. त्या मोठ्या नगरांच्या शेजारी एक धाकटी नगरीही होती, असे आपण धरून चालू. बायबलात तिला शोधू नका. ती या गोष्टीपुरतीच आहे.

या नगरीत शेती नव्हतीच. पेरायचे कुठे, खडकावर? पोटाला लागणारा गहू डोंगरापलीकडून येई. तिथल्या लोकांना खांबांसाठी आणि भांड्यांसाठी कासे लागे, काशात घालायला कथील लागे, आणि कथील कुठून आणायचे हे फक्त या नगरीला ठाऊक होते. मावळतीच्या समुद्रात खूप दूर, एका धुकट किनाऱ्यावर ते मिळे.

ती वाट हीच त्यांची शेती. म्हणून ती लपवायची रीत पडली होती. परके गलबत मागे लागले, तर आपले गलबत मुद्दाम उथळ पाण्यात घालून फोडायचे, पण वाट दाखवायची नाही. आणि बंदरात बसून सगळ्यांनी एकच सांगायचे: पुढे समुद्र चिखलासारखा घट्ट होतो, वल्ही सोडत नाही, आणि तिथे बेटाएवढा मासा माणसे गिळतो.

घरीदारीही हेच सांगायचे. बायकोला नाही, पोरांना नाही, कोणालाच खरे सांगायचे नाही. भिंतीलाही कान असतात ना! मुलगा मोठा झाला, गलबतावर चढला आणि किनारा दिसेनासा झाला, की मगच तांडेल, म्हणजे गलबताचा म्होरक्या, त्याच्या कानाशी लागून म्हणे, "मासाबिसा काही नाही रे. धर वल्हं." धाकटे भीत भीत का होईना, पण चढत, कारण थोरले हसत हसत चढत.

मग एका वर्षी नगरीत तापाची साथ आली. तांडेल गेले, वल्हेकरी गेले. वाट माहीत असलेला एकच माणूस उरला, म्हातारा मत्तान तांडेल.

मत्तान थकला होता. गुडघे धरत होते, खाऱ्या वाऱ्याने डोळे चरचरत होते. त्याची एकच इच्छा उरली होती. अरीशला, आपल्या मुलाला, एकदा बरोबर न्यायचे, सुकाणू त्याच्या हाती द्यायचे आणि मग दारात उन्हाला बसून राहायचे. अरीश गंधसरूच्या ओंडक्यांचे तराफे बांधी. किनारा सोडून तो कधी गेला नव्हता.

कोठारातला गहू तळाला लागला होता. डोंगरापलीकडून निरोप आला, "कथील आणा, गहू न्या."

मत्तानने तरुण पोरांना धक्क्यावर बोलावले. सगळे आले, पण गलबतावर कोणी चढेना. अरीशसुद्धा मान खाली घालून उभा राहिला.

"बाबा, तुम्ही म्हणाल ते काम करतो," तो म्हणाला. "पण माशाच्या तोंडी नका देऊ. माझी पोरं लहान आहेत."

मत्तानचा धीर सुटला. त्याने वाडवडिलांची रीत मोडली आणि भर धक्क्यावर सांगून टाकले, "अरे, मासा नाहीच! कधीच नव्हता. परक्यांना भिववायला आम्ही रचलेलं आहे ते सगळं."

मग गर्दीतून एक बाई पुढे आली. ती मत्तानच्या जिवलग मित्राची मुलगी.

"काका, माझ्या बापाला माशानं गिळलं, हे तुम्हीच आमच्या दारात उभं राहून सांगितलं होतं. माझी आई त्या माशाला शिव्याशाप देत गेली. आज म्हणता मासाच नाही? मग माझा बाप कुठंय?"

"तापानं गेला, पोरी. मीच त्याला तिकडे, कथिलाच्या किनाऱ्यावर पुरला."

"मग तेव्हा खोटं बोललात, की आता बोलताय?"

मत्तानच्या जागी तुम्ही असता, तर काय सांगितले असते? मला त्या म्हाताऱ्याची कीव येते, पण ती बाई काही चुकीचे विचारत नव्हती.

लोक आपसांत म्हणाले, "म्हातारा दमलाय. एकट्यानं मरायची भीती वाटते, म्हणून सोबत शोधतोय." मत्तान दारोदार फिरला, त्याने देवाच्या शपथा घेतल्या. सगळे पालथ्या घड्यावर पाणी. खरे ऐकायचे तर गलबतावर चढायला हवे, आणि चढायचे तर आधी खरे पटायला हवे. रीत अशी घट्ट बांधली होती, की बांधणाऱ्यालाच आता गाठ सुटत नव्हती.

बंदरात परक्यांचे एक गलबत पुष्कळ दिवस नांगरून होते. त्यांचा नाखवा, म्हणजे गलबताचा मालक, मत्तानकडे आला.

"तांडेल, वल्ही मारायला माणसं आहेत आमच्याकडे. वाट तेवढी दाखवा. पहिला गहू तुमच्या नगरीत उतरवू."

"आणि माशाची भीती नाही वाटत?"

नाखवा हसला. "मासा असता, तर तुम्ही दरवेळी परत कसे आला असता? आमच्याकडे कोणीच ती गोष्ट खरी मानली नाही."

मत्तान धक्क्याच्या पायरीवर मटकन बसला. ज्यांच्यासाठी जन्मभर थाप मारली, त्यांना ती कधी लागलीच नव्हती. लागली होती ती घरच्यांना.

घरी नातवंडे भाकरीसाठी रडत होती. मत्तानने परक्यांच्या गलबतावर पाय ठेवला. अरीश धावत आला, बापाचा हात धरून रडू लागला.

"बाबा, नका ना जाऊ!"

"मग चल माझ्याबरोबर."

अरीशने हात सोडला आणि दोन पावले मागे सरकला. मत्तान त्याला रागावला नाही. रागवायलाही अंगात ताकद लागते.

म्हाताऱ्याने परक्यांना प्रत्येक खडक दाखवला, प्रत्येक प्रवाह दाखवला, कुठल्या ताऱ्याकडे गलबताची नाळ, म्हणजे पुढचे टोक, ठेवायची तेही सांगितले. कथील आले. बोलल्याप्रमाणे पहिला गहू नगरीत उतरला, आणि लोक पोटभर जेवले.

बाप जिवंत परतलेला पाहून आणि परक्यांच्या तोंडूनही मासा नसल्याचे ऐकून अरीशची खात्री पटली. तो म्हणाला, "बाबा, पुढच्या खेपेला मी येतो. सुकाणू मी धरतो."

"धर की," मत्तान म्हणाला. "पण पुढची खेप आता आपली नाही रे."

तसेच झाले. पुढच्या वर्षी परके स्वतःची गलबते घेऊन थेट गेले आणि थेट डोंगरापलीकडच्या राज्याला कथील विकू लागले. या नगरीची आठवण कोणाला राहिली नाही. लोकांनी गलबते मोडून जाळायला लाकूड केले आणि एकेक घर सोरच्या बंदरात हमाली करायला निघून गेले. सोरच्या वैभवाचे गाणेही बायबलात आहे आणि तिच्यासाठीचा शोकही आहे. या धाकट्या नगरीसाठी मात्र कोणी एक ओळही लिहिली नाही.

मत्तान शेवटी दारात उन्हाला बसला. समोरून परक्यांची शिडे जात. अरीश शेजारी बसे. त्याचे हात धडधाकट होते आणि त्यांना काही काम नव्हते.

तर बाळांनो आणि मोठ्यांनो, एवढेच ध्यानात ठेवा: परक्याला भिववायला सांगितलेले खोटे परका मानीलच असे नाही, पण आपली माणसे ते नक्की मानतात.