विश्वासरावांचा विलायती कोंबडा

एका गावात बुधाजी नावाचा भोळा गडी होता. सांगितलं तेवढं सगळं करायचा. फक्त जिथं करायचं, तिथं सोडून.

त्याचे मालक विश्वासराव सरपंच. त्यांना जिल्हा परिषदेचं तिकीट हवं होतं. तिकीट साहेबांच्या हातात. साहेब म्हणजे तीन पक्ष फिरून चौथ्यात आलेले. त्यांनी विश्वासरावांना एक फेझंट पक्षी भेट दिला. सोनेरी डोकं, हातभर शेपूट. गाव त्याला विलायती कोंबडा म्हणे.

"नीट सांभाळा," साहेब म्हणाले. "रविवारी बघायला येतो. मग तिकिटाचं बोलू."

विश्वासराव बुधाजीला म्हणाले, "घरी पाहुणा आलाय असं समज."

"आलं ध्यानात, मालक."

बुधाजीनं कोंबड्याचे पाय धुतले. पाटावर बसवलं. बशीत चहा ओतला. मग आग्रह करकरून लाडू भरवायला लागला. कोंबड्याचे डोळे पांढरे झाले.

"अरे मेल्या, मारशील त्याला!"

"नको नको तर सगळेच पाहुणे म्हणतात, मालक."

विश्वासरावांनी कपाळावर हात मारला. "दोन वेळा मूठभर बाजरी द्यायची. वाटीभर पाणी. बस्स! आणि बुजतोय तो, जरा माणसांची सवय लाव."

"आलं ध्यानात, मालक."

माणसं सगळ्यात जास्त कुठं जमतात? बुधाजी कोंबडा घेऊन थेट पंचायतीच्या बैठकीत गेला. एका सदस्याची खुर्ची रिकामी होती, तीत त्याला बसवलं. बैठक सुरू झाली. दोन ठराव मंजूर झाले. कुणाच्या काही लक्षात आलं नाही. तिसऱ्या ठरावाला टाळ्या पडल्या आणि कोंबडा बुजून खिडकीतून चिंचेवर गेला. सगळं गाव दुपारभर झाडाखाली धोतरं पसरून उभं.

सापडला एकदाचा! विश्वासरावांना घाम फुटला होता. "बुधाजी, जाऊ द्यायचं नाही म्हणजे कसं, ते ऐक. आत घालायचं. बाहेरून कडी. चारी बाजूंनी जाळी. एका बाजूची पिसं कातरायची. की बसला जागेवर!"

"आलं ध्यानात, मालक."

रविवार उजाडला. विश्वासराव हार आणायला तालुक्याला निघाले. जाताना म्हणाले, "साहेब लवकर आले तर जेवल्याशिवाय जाऊ देऊ नको हं! माझी सगळी अब्रू तुझ्या हातात आहे."

साहेब खरंच लवकर आले. गाडीवाला चहाला गेला. साहेब जाळीच्या खुराड्यात वाकून शिरले, कोंबडा पाहिला, खूश झाले. "वा! छान ठेवलाय. विश्वासरावांना सांग, तिकीट पक्कं. निघतो मी, घाई आहे."

बुधाजीनं कडीकडे पाहिलं. साहेब तर निघाले!

तासाभरानं विश्वासराव हार घेऊन आले. बघतात तर कोंबडा ओसरीवर पाटावर बसलेला. खुराड्याला बाहेरून कडी. आत साहेब, उकिडवे. कडक इस्त्रीच्या सदऱ्याची एक बाही खांद्यापासून गायब.

"बुधाजी! अरे, हे काय केलंस?"

"ओरडू नका, मालक. जेवतायत ते," बुधाजी हळूच म्हणाला. "अर्धी मूठ बाजरी खाल्ली. अर्धी राहिलीय. संपली की सोडतो."

तिकीट गेलं, हे सांगायला नकोच. पण गावात अजून म्हणतात, साहेबांना तासभर एका जागी ठेवणारा आजवर एकच निघाला. आमचा बुधाजी.