तार नसलेला खांब

गाड्यांना वाचा होती, त्या काळी ओझरवाडीच्या डेपोत विजेवरच्या दहा नव्या बस आल्या. साहेबांनी नारळ फोडला, चार्जिंगच्या खांबाला हळदकुंकू लावले आणि डिझेलच्या गाड्या भंगारात दिल्या. एक म्हातारी बस तेवढी उरली. तिला न्यायला आठ दिवसांनी क्रेन येणार होती.

म्हातारीने विचारले, "पोरींनो, पोटापाण्याचं काय?"

"आजी, आम्ही काय तुझ्यासारख्या धूर ओकणाऱ्या? तो खांब आम्हाला वीज पाजेल!" सगळ्या खिदळल्या.

खांबातून पोकळ आवाज आला, "कशाने पाजू? मला नुसता मातीत रोवलाय. पैसा सगळा तुमच्यात गेला. तार पुढच्या वर्षी आणू, असं साहेब म्हणाले."



कारखान्यातून आणलेली वीज सरत गेली. तिसऱ्या दिवशी पहिली बस बोलता बोलता गप्प झाली. मग दुसरी. गप्प होताना प्रत्येकीचे दार आपोआप उघडून जाई आणि तसेच राही.

आठव्या दिवशी एकच बोलत होती. "आजी, माझे दिवे विझतायत. साहेबांना सांग ना."

म्हातारीने होता नव्हता तेवढा जोर लावून भोंगा वाजवला. साहेबांनी कानांवर हात ठेवले. "या खटाऱ्याला आधी उचला रे!"

क्रेन तिला घेऊन गेली. मागे दहा दारे उघडी होती. लोकांनी पाट्या वाचल्या, खिडकीतून रुमाल टाकून जागा धरल्या आणि आत जाऊन बसले.

"गाडी कधी सुटणार?" एका बाईने विचारले.

साहेब खांबाला नवा हार घालत होते.